स्किनचा डॉक्टर, संधिवाताचा डॉक्टर आणि मधे आपण

मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर, सांध्यांवर, किडनीवर उलटते तो आजार, आणि मामाला सोरायसिस, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे, वर त्याच्याच जोडीने आलेला संधिवात, म्हणजे घरात दोन नग. मी भांडुपला, मामा लालबागला, आणि गेल्या सात वर्षांत आम्ही दोघांनी वेगवेगळ्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यांवर जेवढे तास काढलेत तेवढ्यात एखादा डिप्लोमा झाला असता. आता ओळखीत कोणाला असं काही निघालं की माझा नंबर फिरतो आणि मी तेच तेच फोनवर सांगत बसते, म्हणून एकदाच लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, गोळीचा डोस माझ्याकडून घेऊ नका. पण आधी कोणाकडे जायचं, काय घेऊन जायचं, कुठे तोंड उघडायचं हे आता बऱ्यापैकी कळतं.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दोन्ही डॉक्टर आपापसात बोलत असतील असं धरून चालू नका. एक परळला बसतो, दुसरा मुलुंडला, दोघांच्याही बाहेर तीस-चाळीस माणसं, आणि एकाने काय लिहिलंय ते दुसऱ्याला आपण नेऊन दाखवलं तरच दिसतं. दोघं हुशार असतात, प्रश्न तो नाहीच. निरोप्या आपण आहोत, आणि निरोप अर्धा पोचला की गोंधळ होतो.

दोघांची गरज आहे का ते आधी बघा

ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटणारा आजार, म्हटलं की लगेच दोन डॉक्टर असं काही नाही. कोड असेल, डोक्यात चाई पडली असेल तर स्किनवाला पुरतो. पेम्फिगस, म्हणजे तोंडात आणि अंगावर फोड येऊन सालं निघतात तो, गंभीर असतो पण तोही मुख्यतः स्किनवालाच बघतो. दोघं लागतात ते असे: सोरायसिस आहे आणि सांधे धरतायत. ल्युपस. स्क्लेरोडर्मा, ज्यात कातडी ताठ होते. आणि डर्मॅटोमायोसायटिस, ज्यात पापण्यांवर जांभळट छटा येते, बोटांच्या पेरांवर लालसर उंचवटे येतात आणि सोबत स्नायू कमजोर होतात. या शेवटच्याचं नाव भारी असलं तरी ओळखायची खूण अगदी घरातली आहे. माणसाला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, केस विंचरताना हात वर राहत नाही, पुलाचे जिने चढता चढता पाय जड होतात. अशा वेळी "अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या" यावर थांबू नका, कारण यात फुप्फुसं बघावी लागतात आणि मोठ्या वयात हा आजार निघाला तर कुठे कॅन्सर लपलाय का तेही तपासतात.

सोरायसिसवाल्यांसाठी पाच प्रश्न आहेत, पेस्ट (PEST) म्हणतात त्या यादीला, परदेशात स्किनचे डॉक्टर वापरतात आणि आपले बरेच जण पण. कधी सांधा सुजला होता का? कुठल्या डॉक्टरने तुम्हाला संधिवात आहे असं सांगितलंय का? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचं किंवा पायाचं एखादं बोट काही कारण नसताना अख्खं सुजून दुखलंय का? पाचातली तीन हो आली तर संधिवाताच्या डॉक्टरची वेळ घ्या. सोरायसिसवाल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांना पुढेमागे सांध्यांचा त्रास होतो, आणि बहुतेकांना आधी कातडी, मग काही वर्षांनी सांधे, त्यामुळे या दोन गोष्टी एकच आहेत हे डोक्यातच येत नाही. मामाचं तेच झालं. नखं खराब होती तर फंगस म्हणून औषध चाललं होतं, टाच दुखत होती तर चप्पल बदलली, बोट सुजलं तर म्हणे दारात चेमटलं असेल.

हाडांचा डॉक्टर वेगळा, संधिवाताचा वेगळा

यावर मी थोडी जास्त बोलणार आहे कारण इथे लोकांचं वर्ष वर्ष जातं. सांधे दुखतात म्हटलं की आपण ऑर्थोपेडिककडे जातो. ऑर्थोपेडिक म्हणजे सर्जन, फ्रॅक्चर, गुडघा बदलणं, खांदा. आपल्याला हवा तो ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, तो एमडी मेडिसिन झालेला आणि त्यावर या विषयात पुढे शिकलेला असतो, ऑपरेशन करत नाही, गोळ्या आणि इंजेक्शनं देतो. पाटीवर नाव नीट वाचा, कारण "संधिवात, मणका, लकवा, सर्व इलाज" अशा पाट्या स्टेशनबाहेर भरपूर आहेत. मामाने एक वर्ष एक्सरे, कॅल्शियम, गुडघ्याचा पट्टा आणि पेनकिलर यात घालवलं. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी, निगेटिव्ह आला म्हणून "वात नाही" असंही सांगून झालं, पण सोरायसिसच्या संधिवातात तो बहुतेक वेळा निगेटिव्हच येतो.

मुंबईत माणसं कमी नाहीत पण वाट बघावी लागते. खाजगीत जमत नसेल तर केईएम, सायन, नायर ही पालिकेची आणि जेजे हे राज्य सरकारचं हॉस्पिटल, चारही ठिकाणी मेडिकल कॉलेज आहे. केईएमला संधिवाताचा वेगळा विभाग आहे. मोठ्या हॉस्पिटलचा फायदा असा की दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, स्किनवाला केसपेपरवरच रेफरन्स लिहून देतो आणि तोच कागद घेऊन तुम्ही दुसरीकडे जाता. ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, सगळे विभाग रोज नसतात. सकाळी लवकर जा, पाणी आणि डबा सोबत, आणि कोणीतरी एक जण रांगेत उभं राहायला.

सुरुवात कोणाकडून करायची? चट्टे, रॅश, फोड पुढे असतील तर स्किनवाला. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं वळत नसतील, ताप, वजन कमी, लघवीला फेस असं काही असेल तर संधिवातवाला. पण आपल्याकडे स्किनवाल्याने एकदा बघावंच असं मला वाटतं, कारण त्याच्या डिग्रीतच कुष्ठरोग येतो. कुष्ठरोगात हात सुजू शकतात, गाठी येतात, ताप येतो, वर एएनए (ऑटोइम्यून आजारांसाठीची रक्ताची तपासणी) आणि आरए फॅक्टर पण पॉझिटिव्ह येऊ शकतात, मग संधिवात समजून औषध सुरू होतं आणि खरा आजार बाजूलाच राहतो. चट्ट्यावर स्पर्श कमी कळतो का एवढं घरीही लक्षात ठेवा आणि सांगा.

एक पानाचा कागद

जाड फाईल कोणी वाचत नाही. खरंच नाही. मी एक पान करते, हाताने लिहिलेलं, दोन झेरॉक्स. वर नाव, वय, वजन. मग तारखेनुसार काय कधी सुरू झालं, चार-पाच ओळी. मग आत्ता चालू असलेली औषधं, ब्रँडचं नाव आणि त्याच्या बाजूला आतलं औषध, किती मिलिग्रॅम, कोणी लिहिलं, कधीपासून. मग बंद केलेली औषधं आणि का बंद केली. खाली दोन प्रश्न, दोनच, जास्त लिहिले की एकाचंही नीट उत्तर मिळत नाही. फाईल असतेच पिशवीत, मागितली की काढायची.

फोटो. रॅश अपॉइंटमेंटच्या दिवशी हमखास गायब होतो, त्यामुळे आला की त्याच दिवशी खिडकीजवळ उजेडात फोटो काढा, ट्यूबलाइटखाली नको, फिल्टर नको, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. सुजलेल्या बोटाचा फोटो काढताना दुसऱ्या हाताचं तेच बोट शेजारी धरा. माझी बोटं ऑफिसच्या एसीत आणि एसी लोकलमध्ये पांढरी पडायची, मग निळी, मग गरम झाली की लाल, हे मी तोंडाने सांगायचे तेव्हा कोणाला फारसं कळत नव्हतं, तीन फोटो दाखवले तर संधिवातवाल्या मॅडम एका सेकंदात म्हणाल्या रेनॉड, म्हणजे थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात तो त्रास. आणि त्यांनीच स्किनवाल्या सरांना चिठ्ठी दिली की नखाच्या मुळाशी डर्मोस्कोपने बघा. सरांनी बोटावर तेलाचा थेंब टाकला, छोटं भिंग टेकवलं आणि मलाही स्क्रीनवर दाखवलं, नखाच्या कडेला बारीक लाल रक्तवाहिन्या हेअरपिनसारख्या एका ओळीत उभ्या. त्या जाड झाल्या, तुटल्या किंवा मधेच गायब असल्या की स्क्लेरोडर्माकडे संशय जातो. माझ्या बऱ्या होत्या. प्रश्न एकाचा, यंत्र दुसऱ्याकडे, काम पाच मिनिटांचं, पण चिठ्ठी नसती तर झालंच नसतं.

क्रीम लपवू नका. केमिस्टकडून गजकर्णाचं म्हणून आणलेलं, पार्लरवालीने गोरं होण्यासाठी दिलेलं, सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि ते महिनोन्महिने चेहऱ्यावर लावलं की चेहरा असा लाल होतो की ल्युपस का क्रीमचा प्रताप हे ओळखणं अवघड. ल्युपसचा रॅश साधारण दोन्ही गालांवर आणि नाकावर येतो आणि नाकाच्या कडेपासून ओठाकडे उतरणारी घडी सोडून देतो, पण क्रीमने सगळंच पुसट होतं. वैद्यांच्या, बाबांच्या पुड्या पण सांगा. मामा सांगायला लाजत होता, शेवटी मामीने पर्समधून पुडी काढून टेबलावर ठेवली.

बायोप्सी, आणि ती एक बाटली

स्किनवाला पंचने, म्हणजे गोल धारेच्या छोट्या नळीने, कातडीचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतो, सुन्न करून, एखादा टाका. ल्युपससारख्या आजारात बरेचदा दोन तुकडे घेतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, साध्या तपासणीसाठी. दुसरा डीआयएफसाठी, म्हणजे कातडीत अँटिबॉडी कुठे बसल्यात ते चमकवून बघतात, आणि हा दुसरा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की वाया गेला. तो मिशेल्स मीडियम नावाच्या द्रवात जातो, किंवा लॅबला लगेच पोचणार असेल तर सलाईनमध्ये. माझ्या पहिल्या वेळी एका क्लिनिकमधे मदतनीसाने दोन्ही तुकडे एकाच बाटलीत टाकले, मी बघत होते पण मला काय माहीत, आठ दिवसांनी फोन आला की दुसरी टेस्ट होऊ शकत नाही, परत या. परत सुई, परत टाका, परत पैसे. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, टेबलावर झोपायच्या आधी विचारा, "दोन बाटल्या आहेत ना, वेगळ्या?" कोणी रागावत नाही.

अजून एक, लॅबच्या फॉर्मवर नुसतं "रॅश" लिहिलं असेल तर सांधेदुखी, ताप, एएनए, चालू गोळ्या हे पण लिहायला सांगा. काचेखाली बघणाऱ्याला पेशंट दिसत नसतो, त्याला तो फॉर्म एवढाच आधार. आणि रिपोर्ट आला की त्याची झेरॉक्स संधिवातवाल्याकडे गेलीच पाहिजे, तो आपणहून मागेल याची वाट बघू नका.

एएनए पॉझिटिव्ह आला म्हणून रडू नका

रात्री अकराला येणारे निम्मे फोन याचेच असतात. एएनए हा दरवाजा आहे, निदान नाही. चांगल्या धडधाकट माणसांतही १:८० ला, म्हणजे रक्त ८० पट पातळ करूनही, दहातल्या एकाच्या आसपास तो पॉझिटिव्ह निघतो. ल्युपसच्या बहुतेक सगळ्यांत तो असतो, ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत तर १:८० किंवा वर असल्याशिवाय पुढे मोजतच नाहीत, पण उलटं खरं नाही. कुठल्याही पॅकेजमध्ये सहज करून घेतलेला एएनए घेऊन घाबरत येणारे खूप आहेत. डीएसडीएनए, सी३, सी४ या रक्ताच्या तपासण्या, लघवी, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हे सगळं लक्षणांसोबत बघायचं असतं आणि ते काम संधिवातवाल्याचं. लघवीची तपासणी मात्र कधीच टाळू नका, किडनीचा त्रास सुरू होतो तेव्हा काहीच दुखत नाही.

औषध कोण लिहिणार हे एकदाच ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. पोटात जाणारं आणि इंजेक्शनचं औषध कोणीतरी एकानेच लिहायचं, दुसऱ्याने सुचवायचं. लावायची औषधं स्किनवाल्याकडे. आमच्याकडे दोघांचाही कप्तान संधिवातवाला आहे, पण ज्याचे सांधे ठीक आणि अंगभर चट्टे त्याचा स्किनवाला असेल, कोण असेल त्याने फरक पडत नाही, एकच असावा. दोघांना सरळ विचारा, "डॉक्टर, गोळ्या तुम्ही लिहिणार का ते?"

कारण मेथोट्रेक्सेट. ही दोघांचीही आवडती गोळी, सोरायसिसलाही चालते, सांध्यांनाही. मामाला दोघांनी लिहिली, दोन वेगळ्या ब्रँडने, आणि तो दोन्ही घेणार होता, केवळ मामीने पाकिटाच्या मागचं बारीक नाव वाचलं म्हणून वाचला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. एकदाच. रोज घेतली तर माणूस जिवाला मुकू शकतो, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी पडतात. वार ठरवा आणि डॉक्टरकडून तो वार चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या, मामाच्या डब्यावर मार्करने "फक्त रविवार" लिहिलंय. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरल्याप्रमाणे सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), दारू नाही, मूल हवं असेल तर आधीच सांगायचं. आणि गल्लीतल्या डॉक्टरने युरिनच्या इन्फेक्शनसाठी सल्फाची गोळी दिली तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे ओरडून सांगा, ती जोडी वाईट.

मग स्टेरॉइड. सांधा सुजला की प्रेडनिसोलोनने जादू होते, आणि सोरायसिसवाल्याची कातडी पण स्वच्छ होते, इथेच फसगत. मामाला घराजवळच्या एका डॉक्टरने दिलं, पंधरा दिवसांत अंग असं स्वच्छ झालं की त्याने स्वतःच बंद केलं, आणि मग पुढच्या आठवड्यात अंगभर लाल आणि बारीक पुवाचे फोड, थंडी वाजून ताप, अ‍ॅडमिट. सोरायसिसमध्ये पोटातलं स्टेरॉइड अचानक थांबवलं की असं होऊ शकतं म्हणून स्किनवाले त्याच्या नावाने दचकतात. स्क्लेरोडर्मातही मोठ्या डोसची भीती असते, किडनीवर अचानक येतं. ल्युपस आणि डर्मॅटोमायोसायटिसमध्ये मात्र तेच स्टेरॉइड माणसाला वाचवतं, तिथे "स्टेरॉइड आहे, नको" म्हणून मनाने बंद करणं हा वेडेपणा. एकच गोळी, आजाराप्रमाणे अर्थ बदलतो, म्हणून कोणाच्या वहिनीला काय दिलं ते ऐकू नका.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मूळची मलेरियाची गोळी, ल्युपसवाल्यांची रोजची भाकरी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं जग तिच्या मागे लागलं आणि आम्ही केमिस्ट केमिस्ट फिरत होतो, ते विसरत नाही मी. वजनाच्या किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणून वजन कमी झालं तर सांगा. डोळे पहिल्या वर्षात एकदा तपासून घ्यायचे आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनी बरी नसेल तर त्याआधीपासूनच. सोरायसिस असेल तर ही गोळी कधी कधी चट्टे वाढवते, म्हणून संधिवातवाल्याला कातडीचं सांगायलाच हवं, शर्टाच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही.

बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीतला ठराविक भागच दाबणारी, महाग, पण २०१४ मध्ये त्यातल्या अडालिमुमॅबची पहिली भारतीय आवृत्ती आल्यापासून बरीच आवाक्यात आली. मुंबईत इथे टीबी आडवा येतो. सुरू करण्याआधी छातीचा एक्सरे आणि मॉन्टू (हातावर सुई देऊन) किंवा इग्रा (रक्तातून) ही लपलेल्या टीबीची तपासणी करतात, घरात, ऑफिसात, शेजारी कोणाला टीबी झाला होता का ते खरं सांगा. कोणतं इंजेक्शन हे दोघांनी मिळून ठरवलेलं चांगलं, कारण काही कातडीला जास्त चांगली, काही सांध्यांना, आणि कोणाला आतड्यांचा जुना त्रास असेल तर सेक्युकिनुमॅब नावाच्या इंजेक्शनाच्या जातीची टाळतात. गंमत म्हणजे अडालिमुमॅबसारख्या इंजेक्शनाने क्वचित नव्याने सोरायसिससारखे चट्टे येतात, तर तळहातावर काही उगवलं की लगेच स्किनवाल्याला दाखवा.

ऊन आणि पाऊस

ल्युपसवाल्यांनी लोकलमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी सोडायची, मला माहितेय की मिळालेली खिडकी सोडणं म्हणजे काय. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वर, चेहरा आणि मानेला दोन बोटांवर काढलेल्या दोन पट्ट्यांएवढी, पुसट थेंब लावून उपयोग नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणं टाळा, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) असतोच आणि आपली प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली. चाललातच तर पालिका डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते, पण त्याने ऊन जास्त लागतं, तेव्हा आपल्या डॉक्टरला एक मेसेज टाकून मग घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाची लस औषध सुरू होण्याआधी विचारा, जिवंत जंतू असलेल्या लशी नंतर चालत नाहीत.

दोघांचं पटलं नाही तर

पटत नाही कधी कधी. परदेशात काही हॉस्पिटलांत दोघं एकाच खोलीत बसून पेशंट बघतात, आणि ग्रापा नावाची संघटना २००३ पासून सोरायसिसच्या स्किनवाल्यांना आणि सांध्यांवाल्यांना एका टेबलावर बसवते. आपल्याला रोज ती चैन नाही. मामाच्या वेळी स्किनवाले म्हणाले मेथोट्रेक्सेट वाढवा, संधिवातवाले म्हणाले लिव्हर बघा, कमी करा, आणि मामा दोन चिठ्ठ्या घेऊन दादरच्या पुलावर उभा राहून मला फोन करतोय. मी म्हटलं मामा, मधे तू पडू नकोस, एकाला विनंती कर, "सर, त्यांना एक फोन लावाल का माझ्यासमोर?" लावला. तीन मिनिटं बोलले, इंग्रजीत, मामाला एवढंच कळलं की दोघं एकमेकांना एका वर्गातले म्हणून ओळखत होते. फोन ठेवून सरांनी नवीन चिठ्ठी लिहिली आणि जुन्या दोन्ही फाडून टाकल्या.

फोन जमत नसेल तर एकाकडून दोन ओळींची चिठ्ठी मागा, "असं करावं असं वाटतं, तुमचं मत कळवा" एवढी पुरते, आणि उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहून आणा.

या सगळ्यात अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही असं काही असेल तर ते हे: श्वास लागतोय, गिळताना अडकतंय, लघवी कमी होऊन पाय-चेहरा सुजलाय, अंगाची कातडी लाल होऊन सोलून निघतेय, मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप आणि तोंडात फोड. तेव्हा एक पानाचा कागद खिशात घाला आणि सरळ कॅज्युअल्टी.